‘टर्मरिक’, धरा आणि मृत्तिका : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण साताऱ्याहून सविस्तर आक्षेप कळवलात, याबद्दल आभार. हळदीचा इंग्रजी शब्द ‘टर्मरिक’ मी माझ्या लेखात मध्ययुगीन लॅटिनमधील ‘टेरा मेरिटा’पर्यंत नेला. आपले म्हणणे असे की ‘टेरा’ म्हणजे आपली धरा, ‘मेरिटा’ म्हणजे मृत्तिका, आणि हळद आपली असताना तिचे नाव रोमहून आणण्याचे कारण नाही.

हळद आपली, यात वाद नाही. सांगलीत बसून तो कोण घालील? परंतु वस्तू जिथली असेल तिथलेच नाव परकी भाषा घेते असे नाही, आणि उच्चारांचे साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. संस्कृतात ज्या शब्दांच्या आरंभी ‘ध’ येतो, त्यांच्या लॅटिन भावंडांत तेथे ‘फ’ आढळतो, जसे ‘धूम’ आणि ‘फ्यूमस’. त्यामुळे धरेची ‘टेरा’शी सोयरीक जुळत नाही. ‘टेरा’चा मूळ अर्थ कोरडी भूमी असा असून तिचे संस्कृत भावंड आहे ‘तृष्’ हा धातू, ज्यापासून तृष्णा आणि पुढे प्राकृतातून आपली तहान आली. आपल्याला हवे असलेले नाते आहेच, मात्र ते तहानेच्या घरचे आहे. ‘मेरिटा’ हे ‘पात्र ठरणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. ‘मेरिट’ आणि ‘एमेरिटस’ त्याच कुळातले.

‘टेरा मेरिटा’, म्हणजे ‘गुणाची माती’, हे नाव मुळाला का मिळावे, हा आपला प्रश्न रास्त आहे. दळलेली हळद खनिज रंगाच्या पिवळ्या मातीसारखी दिसते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि फ्रेंचमध्ये तिला ‘तेर मेरीत’ म्हणतही असत. (हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीच्या पोटात साठवत, हे आठवून मलाही क्षणभर मोह झाला होता, पण नाव देणाऱ्यांनी आपली पेवे पाहिली नव्हती.)

दोन ठिकाणी मात्र चूक माझी आहे. इंग्रजीतील ‘टार्मारेट’सारखी जुनी रूपे ‘टेरा मेरिटा’कडे बोट दाखवतात, तरी कोशकार येथे ‘बहुधा’ म्हणूनच थांबतात. मी ते निश्चित म्हणून लिहिले. दुसरे, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नोंदवलेल्या ‘कर्क्युमा लाँगा’ या शास्त्रीय नावातील पहिला शब्द मी लॅटिन कुळातला ठरवला. त्याचा पेहराव तेवढा लॅटिन आहे. शब्द अरबी ‘कुर्कुम’वरून आलेला आहे. दोन्ही दुरुस्त्या मूळ लेखात आजच केल्या आहेत.