‘पोट भरलेल्यांची चैन’: एका प्रतिक्रियेला उत्तर

माणसामाणसांतल्या संवादाचा विचार मांडणाऱ्या मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकानं घणाघाती प्रतिक्रिया टाकली आहे. नाव नाही, टोपणनाव आहे; फोटोच्या जागी वाघ. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार देतो. मला जर्मन येत नाही, तर मी बुबरच्या वाटेला जाऊ नये. हे सगळं आपल्या उपनिषदांत आधीपासून आहे. पॅलेस्टाईनमधल्या अरबांबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत: ‘ज्याच्या पत्राला उत्तर देण्याचे कष्ट खुद्द गांधींनी घेतले नाहीत, त्याचा संवाद ही पोट भरलेल्यांची चैन आहे. पेन्शनीत बसलेल्या साहेबांना ती परवडते.’

महोदय, मतभेदाला माझी ना नाही. लेख लांबला, हेही मान्य. मधले दोन परिच्छेद गाळले असते तरी चाललं असतं. पण माणसामाणसांतल्या बोलण्यावरचा लेख वाचून कुणी अशा सुरात बोलायला लागतो, तेव्हा त्यानं लेख वाचला की नुसता चाळला, अशी शंका येते. ‘पेन्शनीत बसलेले साहेब’ हा मुद्दा नाही, चिमटा आहे. तरी सांगतो: माझी पेन्शन ईपीएस-९५ मधली, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली. ती किती येते हे ज्याला ठाऊक आहे, तो तिच्या जोरावर चैन करता येते असं म्हणणार नाही. दूधवाल्याचं बिल भागतं.

आता गांधी. २६ नोव्हेंबर १९३८च्या ‘हरिजन’मध्ये त्यांचा ज्यूंवरचा लेख आला. लिहिला होता आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले. जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, त्याला जेमतेम पंधरवडा उलटला होता. गांधींनी सहानुभूती दाखवली, पॅलेस्टाईन अरबांचं आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा दाखला देऊन जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह सुचवला. बुबर त्याच वर्षी, साठीच्या वयात, जर्मनी सोडून जेरुसलेमला आला होता. त्यापूर्वी, १९३३ साली, फ्रँकफर्ट विद्यापीठातलं पदही गेलं होतं. पोट भरलेला म्हणे!

त्या लेखाला उत्तर म्हणून त्यानं गांधींना जे पत्र लिहिलं, त्यावर तारीख आहे २४ फेब्रुवारी १९३९. म्हणजे उत्तर लिहायला त्यानं जवळजवळ तीन महिने घेतले. पत्रातच तो सांगतो की मी फार सावकाश लिहिलं आहे, दोन छोट्या परिच्छेदांच्या मध्ये कधी कधी काही दिवस गेले, आणि त्या वेळात मी स्वतःलाच तपासत होतो. तुमची प्रतिक्रिया मी लेख टाकून चहा निवायच्या आत आली. असो.

त्या पत्रात गुळगुळीत काही नाही. छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं तो गांधींना सरळ विचारतो. पाहणारा, साक्ष देणारा कुणी नसेल तिथे सत्याग्रहीच्या मरणाची दखल कोण घेणार? दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसांच्या पाठीशी आख्खा हिंदुस्थान होता. आमच्या पाठीशी कोण आहे? इतकं सगळं विचारूनही तो गांधींच्या हेतूवर शंका घेत नाही. गांधींना मानत होता म्हणूनच हे त्यांनाच विचारावंसं वाटलं. तुम्हाला यात चैन कुठं दिसली, मला खरंच कळलेलं नाही.

राहिलं ‘कष्ट घेतले नाहीत’. हे पत्र गांधींच्या हाती पडल्याचा पुरावा नाही, आणि उत्तर त्यांच्या कागदपत्रांत सापडलेलं नाही. ३ मार्चला तर ते राजकोटला उपोषणाला बसले होते. बुबरचं पत्र, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा अध्यक्ष जूडा मॅग्नेस यानं गांधींना लिहिलेल्या पत्रासोबत, त्याच वर्षी जेरुसलेमला पुस्तिका म्हणून छापलं गेलं, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. आता एखादं पत्र पोचलं की नाही याचाच पत्ता नसताना लिहिणाऱ्याचं तत्त्वज्ञान निकालात काढायचं आणि जाता जाता गांधींवरही बेपर्वाईचा ठपका ठेवायचा, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. कसब आहे. आणि समजा, पत्र पोचलं आणि गांधी गप्प राहिले, तरी काय बिघडतं? समोरचा उत्तर देईल, पटवून घेईल, अशी अट बुबरनं कुठंही घातलेली नाही. बोलताना समोर तो माणूस होता, की आपणच आपल्याला ऐकवत होतो, एवढंच तो विचारतो. खरा संवाद, कामापुरता संवाद आणि संवादाचा वेष घेतलेलं एकतर्फी भाषण, असे तीन प्रकार त्यानं पाडले आहेत. त्यातल्या तिसऱ्याची उदाहरणं शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

चैनीचा शब्द तुम्ही माझ्यासमोर वापरायला नको होता, कारण माझी सगळी नोकरी कामगार अधिकारी म्हणून गेली. कारखाना पिंपरी-चिंचवड पट्ट्यातला, नाव सांगत नाही. एका दिवाळीच्या तोंडावर बोनसची बोलणी फिसकटली आणि संप झाला. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. मधली सगळी जागा भांडणाची. घरी पगार नाही, किराणावाल्यांनी उधारी बंद केलेली. अशा वेळी गेटवरच्या मंडपातून निरोप आला तो आकड्याचा नव्हता. ‘साहेबांना समोर येऊन बसायला सांगा, नोटिसा नकोत’, असा होता. नोटिसा मीच फलकावर लावत होतो. कुणी वाचत नव्हतं.

वरचे साहेब आले नाहीत. एका संध्याकाळी मीच मंडपात जाऊन सतरंजीवर बसलो. युनियनच्या अध्यक्षानं त्याच सकाळी गेट मीटिंगला माईकवरून माझा बाप काढला होता. त्यानं चहाचा ग्लास माझ्याकडं सरकवला, मी नेलेला मसुदा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आपला चष्म्याचा डबा ठेवला, आणि बराच वेळ त्या कागदाला कुणी हातच लावला नाही. पेंट शॉपमधल्या कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलंय, कुणाच्या पोरीची बारावीची फी भरायची राहिलीय, हे तो मला सांगत होता. मलाही नोटिशीत लिहिता येत नव्हतं ते मी बोललो. संप त्यानंतरही काही दिवस चालला आणि शेवटचा आकडा कुणाच्याच मनासारखा आला नाही. पण तुम्ही जिला चैन म्हणता ती गोष्ट उपाशी माणसांनी आकड्याच्या आधी मागितली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्ही काय पाहिलंय, ते प्रतिक्रियेत दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेब आणि कामगार बरोबरीचे कुठं होते? नव्हतेच. माझा पगार चालू होता. पण हेही बुबरला शिकवायला जाऊ नका. १८ एप्रिल १९५७ला ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात तो आणि मानसोपचारातला कार्ल रॉजर्स सर्वांसमोर बोलायला बसले होते. माझ्याकडं येणारा माणूस आणि मी, आमच्यात त्या क्षणी बरोबरीचं नातं असतं, असा रॉजर्सचा आग्रह. बुबर काही केल्या मानेना. तो तुमच्याकडं मदतीला आला आहे, तुम्ही त्याच्याकडं गेलेला नाहीत. तुम्ही त्याची बाजू पाहू शकता, त्याला तुमची पाहता येत नाही. वयानं लहान, इतका सौजन्यानं बोलणारा माणूस समोर असताना हा म्हातारा नाही म्हणजे नाहीच म्हणत राहिला. भाबड्या गोडबोल्या तत्त्वज्ञाचं जे चित्र तुम्ही रंगवलंय, ते यात बसवून दाखवा.

बाकीचं थोडक्यात. जर्मन मला येत नाही. बुबरचं ‘मी आणि तू’ हे पुस्तक १९२३ साली आलं, १९३७ पासून इंग्रजीत आहे, आणि रशियन न येता टॉलस्टॉय वाचलेल्यांची संख्या महाराष्ट्रात कमी नाही. उपनिषदांबद्दल: त्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात बुबर नेमका माणसानं परमतत्त्वात विलीन होण्याच्या कल्पनेशीच वाद घालतो. त्याला दोघं दोन राहायला हवे आहेत. तेव्हा ‘आपल्याकडं आधीच आहे’ हे पुस्तक न उघडता म्हणता येतं, उघडल्यावर जड जातं.

अरबांबद्दल: ज्यू आणि अरब या दोघांचं मिळून एक राज्य असावं यासाठी १९२५च्या ‘ब्रित शालोम’ या संघटनेपासून १९४२च्या ‘इहुद’ या संघटनेपर्यंत जी मंडळी झटली त्यांत बुबर होता, आणि आपल्याच लोकांच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. एवढं पुरे. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर इथं खल करायची माझी इच्छा नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव लिहा. वाघाला मी पुन्हा उत्तर देणार नाही.