‘मराठवाड्यात बर्फ पडतो का?’ या मेसेजला उत्तर

थंडी सुरू झाली की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. मजकूर साधारण असा: ‘मराठवाड्यात बर्फ पडतो का? मग पोरं हिमालयात थंडीत राहायचे कोर्स कशाला करतात? बापजाद्यांनी रात्र रात्र शेतात काढली. शेकोटी, जाड पांघरूण आणि एक घोट, थंडी पळालीच. सोसणं अंगात असावं लागतं.’ मी आउटडोअर एज्युकेशन शिकतो, म्हणून नातेवाईक हा मेसेज मलाच आवर्जून पाठवतात. त्यातल्या दोन सल्ल्यांनी जीव जाऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

बर्फ पडत नाही, कबूल. पण परभणीचा पारा पाच-सहा अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय थंडीने मरायला बर्फ लागत नाही. शरीराच्या आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि अंग ओलं असून वर वारा असेल तर बाहेर दहा अंश असतानाही ते घडू शकतं. रात्रीची लाईट आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला, गुडघ्यापर्यंत भिजून दारं धरणारा माणूस नेमका याच धोक्यात उभा असतो.

आता तो घोट. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते. वर थंडी किती वाजतेय याचं भानही सुटतं. थंडीत दारू नको, एवढं पुरे.

शेकोटीवर मात्र जरा थांबावं लागेल. उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला पेटवलेल्या शेकोटीला कुणाचीच ना नाही. घोळ होतो तो विझत आलेले निखारे घमेल्यात भरून तंबूत किंवा बंद खोलीत नेले की. धूर दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेतल्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही. तंबूत काहीही पेटवायचं नाही. गॅसचा स्टोव्हसुद्धा बाहेर.

जाड पांघरुणाचा मुद्दा अर्धाच खरा आहे, कारण झोपलेल्या माणसाची बरीच ऊब खालची जमीन ओढून घेते. गंमत म्हणजे ज्या बापजाद्यांचा दाखला मेसेज देतो, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ऊसतोडीच्या कोपीत अंथरुणाखाली पाचट असतं, राखणीला गेलेला माणूस खाली कडबा पसरतो. धनगराची घोंगडी दवाने ओलसर झाली तरी ऊब धरून राहते. सुती गोधडी भिजली की उलट गारठवते. कोर्समध्ये पाठीखालची मॅट आणि लोकरीचे थर शिकवतात, ते याच कारणासाठी. आजोबांच्या युक्त्या विसरून फक्त त्यांच्या सोशिकपणाचा डांगोरा पिटायचा, हे मला तरी पटत नाही.

आणि ‘अंगात असावं लागतं’? सवयीने थंडी थोडी कमी बोचते, इतकंच. घाम यायच्या आत एक थर उतरवणं, नाल्याच्या तळाशी गार हवा साचते म्हणून तंबू जरा वर लावणं, हे शिकावंच लागतं. अंग चांगलं गारठलेलं असताना बर्फ चघळू नये, कारण एक ग्रॅम बर्फ वितळवायला शरीराला सुमारे 80 कॅलरी उष्णता खर्चावी लागते. हातपाय बधिर पडले तर चोळायचे नाहीत. हिमदंश असेल तर चोळण्याने इजा वाढते.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगतो: थेट हिमालय गाठायची घाई खरंच नको. जानेवारीत म्हैसमाळला परवानगीच्या जागी मुक्काम केला तरी निम्मा धडा होतो. बर्फातलं काम मात्र बर्फातच शिकता येतं, त्यासाठी उत्तरकाशीची 1965 पासूनची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे.

मेसेजच्या एका आवृत्तीत शेवटी ‘कुडकुडणं थांबलं की माणूस सावरला’ असंही असतं. पांघरुणात ऊब धरून थांबलं तर ठीक. पण अजून गारठलेला माणूस कुडकुडायचा थांबला, बोलणं जड झालं, पाय अडखळायला लागले, तर तो बिघडत चाललाय. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, खाली काहीतरी घाला, आडवं ठेवा. नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड पाणी द्या, आणि 108 ला फोन लावा.