टेस्ट ड्राइव्ह कशाला? सनरूफ आहे ना!

गाडी घ्यायची ठरलीय? अभिनंदन! रंग ठरला, नंबर ठरला, दसऱ्याचा मुहूर्तही ठरला. आता ती चालवून बघायची कटकट हवीच कशाला? तरीही हौस असेल, तर परवा टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली जे सोसावं लागलं, त्यातून सुचलेल्या या काही सूचना.

शोरूमला रविवारी संध्याकाळी सहकुटुंब जा. इंजिन दिवसभर तापलेलं असतं, सकाळी थंड असताना ते कसं खडखडतं हे कळायचा प्रश्नच नाही.

घ्यायचं असेल बेस मॉडेल, तर चालवा टॉप मॉडेल. बहुतेकदा तेच उभं असतं. टायर रुंद, सीट वरखाली होणारी, इंजिन जास्त जोराचं, टर्बो. तुमच्या गाडीत यातलं काही नसेल, पण बोनेटवरचा लोगो तोच आहे ना!

रस्ता सेल्समनला ठरवू द्या. तो म्हणेल, ‘लेफ्ट घ्या सर.’ मग पुन्हा लेफ्ट, अजून एक लेफ्ट, की आलं शोरूम. सपाट सर्व्हिस रोड, तिसऱ्याच्या पुढे गिअर नाही. एसी फुल, गाणी मोठ्याने, म्हणजे सस्पेन्शनची धडधड आणि डॅशबोर्डची किरकिर ऐकूच येत नाही. खड्डा दिसला की ‘सर, जरा उजवीकडून.’ पुण्यात आम्ही रोज कुठून उजवीकडून काढायची? आणि चढ? ‘चढाचं विचारूच नका सर, मस्त खेचते.’ अहो, खेचते ना, मग चला की कात्रजच्या जुन्या घाटात! पाच माणसं बसवा, एसी चालू ठेवा, चढावर पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. टर्बो नसलेलं १२०० सीसीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकतं की नाही, ते तिथे लगेच कळतं. एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल आणि चढावर ती धरून ठेवणारा हिल होल्ड नसेल, तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी किती मागे येते ते मागचा स्कूटरवाला ओरडून सांगतो. गिअर बदलताना मान पुढे जाते, त्यावर उत्तर काय? ‘सवय होईल सर.’ म्हणजे पैसेही आम्हीच द्यायचे आणि सवयही आम्हीच करायची!

ज्येष्ठांना मागे बसवून बघू नका. गुडघे आत जातात की नाही, ते पेढे वाटताना कळेलच.

रोज घर ते लक्ष्मी रोड एवढंच जाणार असाल, तर डिझेलच घ्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. लक्ष्मी रोडवर बऱ्या वेगात! डॅशबोर्डवर दिवा लागला की सर्व्हिस सेंटर आहेच.

सोसायटीचा रॅम्प, पार्किंगची रुंदी वगैरे मोजू नका. आरसे मिटतात.

पुरे झालं. बारा-पंधरा लाख मोजता, पाच-सात वर्षं हप्ते फेडता, आणि चालवून बघायला तुम्हाला तासभर नाही? आधी टोकन टाकता, मग भीत भीत ‘एक राउंड मिळेल का?’ विचारता. तुमच्यासारख्यांमुळेच हे शोरूमवाले माजलेत. जो तुमचं मॉडेल आणून दाखवत नाही, चढावर नेऊ देत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. त्याच कंपनीचं दुसरं शोरूम गाठा. सकाळी जा. निघण्याआधी टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, मोजून घ्या. जास्त असेल तर गाडी उगाच उसळते आणि कमी असेल तर स्टिअरिंग जड लागतं. मग एसी आणि गाणी बंद, काचा वर, आणि सरळ खड्ड्यांतून न्या. सेल्समनला मागे बसवा, मधल्या जागेवर.