तटाच्या सांध्यांतला पिंपळ

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गासह मराठ्यांचे 12 किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून गावाकडच्या फोनवर एकच वाद रंगतो: ढासळलेला तट हुबेहूब पूर्वीसारखा बांधावा, की मूळ दगडाला हातही लावू नये? माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात बसून मी तो ऐकते आणि दोन्ही बाजूंचे लक्ष भलतीकडेच आहे, असे मला वाटते.

ऑटोमन तुर्कांनी माल्टाला घातलेला 1565 चा वेढा उठल्यावर दुसऱ्याच वर्षी सेंट जॉनच्या नाइट्सनी (तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाने) दोन बंदरांमधल्या टेकाडावर हे शहर वसवायला घेतले. फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने आखलेल्या तटाचा बराचसा भाग रचलेला नसून टेकडीचाच खडक तासून काढलेला आहे. हा चुनखडक इतका मऊ, की खाऱ्या वाऱ्याने त्याचा भुगा होतो. बंदराच्या बाजूने जाताना बोट फिरवले तर पिवळसर पीठ हाताला लागते. त्यामुळे झिजलेला दगड काढून नवा बसवतात आणि तो काही वर्षे ठिगळासारखा उठून दिसतो. त्याची कोणी लाज बाळगत नाही.

भांडणे इथेही होतात. इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी जुनी वेस पाडून तटात नुसती खिंड ठेवली आणि आत नवी संसद उभारली, तेव्हा तिच्या छिद्राछिद्रांच्या दगडी भिंतींना लोकांनी चीजच्या किसणीची उपमा दिली. (मला मात्र ती खिंड आवडते.)

आपल्याकडे सारा वाद तट शिवकालीन दिसतो की नाही याचा आहे. बिघडते ते सांध्यांत. पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी चुन्याच्या भेगेत रुजते आणि मूळ पाचरीसारखे आत सरकत चिरा बाहेर ढकलते. मग कोणीतरी त्या सांध्यात सिमेंट भरतो आणि पावसाचे पाणी आतल्या आत कोंडते. व्हॅलेटाच्या तटावर पिंपळाऐवजी केपर नावाचे झुडूप उगवते. त्याच्या कळ्या मुरवून चवीने खाल्ल्या जातात, पण म्हणून त्याची मुळे दगडाला सोडत नाहीत. दर हंगामाला तट तपासून रोप कोवळे असतानाच काढणारा माणूस नेमायला युनेस्कोचा शिक्का लागत नाही. त्याच्या पगाराबद्दल मात्र फोनवर कधीच कोणी बोलत नाही.

गेल्या श्रावणात आतेभावाने एका बुरुजाचा फोटो पाठवला. त्यात पिंपळ कमरेएवढा होता. मी जुना फोटो शोधून काढला, तेव्हा त्याच सांध्यात चार पाने होती.