स्लॅश सव्वीसच्या नानाची टांग

सीसीएनए, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नेता येत नाही. ज्या परीक्षेचा सगळा विषयच कॉम्प्युटर आहे तिथे वजाबाकी बोटांवर करायची, आणि वर एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत जायची सोय नाही, म्हणजे चूक लक्षात आली तरी नुसतं हळहळायचं.

प्रश्न दिसायला एवढासाच असतो. १९२.१६८.१०.१४० स्लॅश २६, ब्रॉडकास्ट सांगा, म्हणजे या आयपी पत्त्याच्या नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना एकदम हाक मारायचा पत्ता. पत्त्याच्या बत्तीस बिटांतले सव्वीस (स्लॅशपुढचा आकडा तोच) नेटवर्कला गेले, राहिले सहा, म्हणजे चौसष्टचे गठ्ठे: ०, ६४, १२८, १९२. आपला १४० बसला १२८च्या गठ्ठ्यात, म्हणून ब्रॉडकास्ट १९१. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, मशीनना द्यायला हाताशी उरले बासष्ट. आता हे शांतपणे लिहिलं म्हणून सोपं वाटतंय हो, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असताना चौसष्टचा पाढा म्हणून बघा, एकशे अठ्ठावीसच्या पुढे जीभच वळत नाही.

पण माझा खरा राग त्या काटकसरीवर आहे. दोन राउटरच्या मधल्या लिंकला स्लॅश ३० द्या, तिथे दोनच पत्ते लागतात, उगाच वाया घालवू नका! आणि हा उपदेश कुठे, तर १०.०.०.० मध्ये, जे प्रायव्हेट आहे, आपापल्या नेटवर्कच्या आत कुणीही फुकट वापरावं, आत पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते. बरं, आयपीव्ही फोरचे, म्हणजे या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, त्यातला १२७ने सुरू होणारा अख्खा ब्लॉक, तोही त्या १०च्या ब्लॉकएवढाच, मशीनने स्वतःशी बोलावं म्हणून राखून ठेवलेला, आणि त्यातला लोकांना माहीत असतो फक्त १२७.०.०.१. फेब्रुवारी २०११ मध्ये आयानाकडचे, म्हणजे जगभर पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडचे, वाटायचे ब्लॉक संपले, तरी तो तसाच. दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा, आणि तो बोळा कोंबायला आम्ही!

प्रायव्हेट रेंजमधलं ते मधलं भावंड तर विचारूच नका. १० लक्षात राहतो, १९२.१६८ तर राउटरच्या खालीच चिकटवलेला असतो, पण १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच प्रायव्हेट आणि ३२ लागला की पब्लिक. कारण विचारलं तर स्लॅश १२. म्हणजे परत बायनरी.

एवढं सगळं घोटून, पाठ करून, मास्क, म्हणजे हे स्लॅशचे आकडे, झोपेत बडबडण्याइतके पक्के झाल्यावर आयपीव्ही सिक्सचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा धडा येतो. तिथे साध्या लॅनला, म्हणजे एका घरातल्या किंवा ऑफिसातल्या नेटवर्कला, सरळ स्लॅश ६४ देतात, मशीन दहा असोत नाहीतर दोन. स्लॅश ६४ म्हणजे किती, तर जुन्या इंटरनेटचे ते ४२९ कोटी घ्या आणि त्यांना परत ४२९ कोटींनीच गुणा. आणि पान उलटलं की सरावाचा पहिलाच प्रश्न: खालील नेटवर्कमध्ये कमीत कमी पत्ते वाया जातील असा मास्क निवडा.