३६४ कुठून आले?

आज दुपारी पालकसभेला जाऊन आले, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, पोरं झोपली, तरी राग उतरत नाही म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

लेक चौथीत आहे. सरांनी तिची वही उघडून समोर ठेवली. ५०३ − २६७. तिने उत्तर लिहिलं होतं ३६४. त्यावर लाल पेनाने इतक्या जोरात फुली मारलेली की मागच्या पानावर वळ उठला होता. बाजूला एक शब्द नाही, बरोबर उत्तरही नाही. मी विचारलं, "सर, ही नेमकी कुठे चुकते?" तर म्हणाले, "ताई, गणित तिच्या डोक्यातच जात नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका, पाचवीत तर ती जातेच. आणि आपल्या इथल्या पोरांकडून किती अपेक्षा धरायची? अर्धी तर आता कापूस वेचणीला जातात."

सर तरुण आहेत, बोलायला गोड आहेत. रागावून बोलले असते तर मी तिथेच भांडले असते. पण त्यांना माझ्या पोरीची कीव येत होती, आणि तीच जिव्हारी लागली.

ते ३६४ मी चांगलं ओळखते. पाचातून दोन गेले, तीन. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून पोरीने सहातून शून्य काढला, सहा. तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले, चार. झाले ३६४. पोरगी ढ नाही हो! तिने तिन्ही घरांत एकच नियम लावला, मोठ्यातून लहान वजा करायचा. नियम चुकीचा आहे, पण तिने तो इमानदारीने पाळला. वहीकडे अर्धा मिनिट नीट बघितलं असतं तर कोणालाही दिसलं असतं.

मला लगेच दिसलं, कारण तिसरीत मी हेच करायची.

आमची शाळा दोन खोल्यांची, वर टिनं. दोन गुरुजी आणि चार वर्ग. आमचे गुरुजी सायकलने यायचे. एकदा त्यांनी मला सायकलला अडकवलेल्या पिशवीतून डस्टर आणायला पाठवलं. पिशवीत त्यांची टाचण वही होती, म्हणजे रोज काय शिकवायचं ते आधी लिहून ठेवायची वही, पेपरचं कव्हर घातलेली. मी ती उघडली. समोरच्या पानांवर साहेबांना दाखवायचं टाचण होतं, निळ्या शाईने, सुंदर अक्षरात. मागच्या पानांवर मात्र पेन्सिलीने सगळ्या वर्गाची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे ओळ, दीड ओळ. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: "शून्य दिसलं की घाबरते. उलटं वजा करते. उद्या ४०२ − १५८. तुराट्या."

मी वही मिटून डस्टर घेऊन पळत आले. 'घाबरते' वाचून लाज वाटली होती. तुराट्यांचं काय, ते तर कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पोतं आणलं. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे बोटभर तुकडे, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधलेल्या, आणि अशा दहा जुड्यांचा एक मोठा भारा, असे चार भारे. वर दोन सुटे तुकडे. म्हणजे चारशे दोन. मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "याच्यातून एकशे अठ्ठावन मले दे." माझ्याजवळ सुटे दोनच. आठ कुठून देऊ? जुडी सोडावी तर सुटी जुडी एकही नाही. मी उभीच राहिले. सगळा वर्ग बघत होता. बऱ्याच वेळाने मी एक मोठा भारा सोडला, त्यातून दहा जुड्या निघाल्या, मग त्यातली एक जुडी सोडली. त्या सुतळीची गाठ दातांनी सोडलेली मला आजही आठवते. त्या दिवशी शून्याच्या पोटात काय असतं ते मी हाताने बघितलं.

आता मला सांगा, चारशेच्या वर तुकडे कापून, मोजून, बांधायला किती वेळ लागत असेल? घरी कंदिलात, एकट्याने. एका पोरीच्या एका चुकीसाठी. मी त्याच जिल्ह्यात, त्याच मातीत राहते. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्यात, १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकायचं, ही नई तालीम तिथून देशभर गेली. गुरुजींनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्यांनी पोतं आणलं.

मी स्वतः डी.एड. केलंय. नोकरी लागली नाही, तो विषय वेगळा. सराव पाठाच्या वेळी आम्ही टाचण गाईडमधून उतरवायचो, खोटं कशाला बोलू. उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्यापन पद्धती, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. त्या रकान्यांत एकाही पोराचं नाव नसायचं. आता तर टाचण व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये फिरतं, तपासणीला केंद्रप्रमुख येणार म्हटलं की प्रिंट काढली, झालं. याला मी नियोजन म्हणत नाही. उद्या सकाळी कोणतं पोर कुठे अडकणार, हे आदल्या रात्री ज्याला माहीत असतं, तो तयारी करून आलेला मास्तर.

शिक्षकांना कामं फार आहेत, मान्य. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, मतदार यादीची बीएलओ ड्यूटी, रोज नवी लिंक. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत ते तयारीचे तास धरूनच. म्हणजे तयारी ही कोणी केलेली मेहरबानी नाही, ती नोकरीच आहे. ते तास शिक्षकांकडून जो कोणी हिसकावतो त्याच्याशीही भांडायला मी तयार आहे. सर म्हणाले असते, "ताई, वेळ मिळत नाही," तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. ते म्हणाले, पोरीच्या डोक्यात जात नाही!

आता अपेक्षेचं. गुरुजींना मी एकदा सरळ सांगितलं होतं, "मले नाही येत, गुरुजी." ते म्हणाले, "आज नाही येत. शुक्रवारी विचारतो." बस. शाबासकी नाही, 'तू खूप हुशार आहेस' वगैरे काही नाही. आणि शुक्रवारी खरंच विचारलं. शुक्रवारी नाही जमलं तर म्हणाले, "मंगळवारी." छडी नव्हती असं म्हणत नाही, एकदोनदा मीही खाल्ली आणि ते चूकच होतं. पण त्यांनी कधी मला सोडून दिलं नाही.

डी.एड.ला अभ्यासात रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग होता. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली, ही पोरं पुढे चमकणार म्हणून. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही काढलेली होती. तरी खालच्या वर्गांतली ती मुलं इतरांच्या पुढे गेली. १९६८ साली ते छापून आलं. पुढे त्यावर बरेच वाद झाले, तेही आहे. पण मला त्या वादाशी काय करायचंय? मी अशाच एका यादीतली पोरगी आहे. फक्त आमच्या गुरुजींच्या यादीत अख्खा वर्ग होता.

आणि वेचणीचं म्हणाल तर मीही गेलेय वेचणीला. तिसरीतच, आईसोबत, बारा-तेरा दिवस. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरायची. गुरुजी संध्याकाळी घरी आले. आईला वाटलं बोलणी बसणार, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ते एवढंच म्हणाले, "माय, रोजचा कापूस किती किलो झाला ते हिलेच मांडू द्या. अन् हप्त्याचा हिशोबही हिलेच करू द्या." जाताना कागदावर पाच वजाबाक्या देऊन गेले, पाचही शून्याच्या. मी परत शाळेत गेले तेव्हा त्यांनी पहिले तो कागद मागितला.

आई अंगठा लावणारी. त्या हप्त्यात काट्यावरचा आकडा आणि माझा आकडा तिने दोनदा मला वाचायला लावला. जुळले. ती काही बोलली नाही. पुढच्या हप्त्यात मात्र तिने मला वेचणीला नेलं नाही.

हे लिहिता लिहिता राग जरा निवळलाय. सर वाईट माणूस नाहीत. खिचडी आधी चाखून बघतात, पोरांच्या अंगावर हात टाकत नाहीत, रोज चाळीस किलोमीटर येणं-जाणं करतात. त्यांच्या वर्गात पोरं रमतात. पण रमलेलं पोर शिकलेलं असतंच असं नाही. गरिबाच्या पोराला हळू आवाजात 'राहू दे बेटा, तुला नाही जमणार' म्हटलं तरी तेवढंच नुकसान होतं. शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी आली नाही तर कोणी म्हणतं का, की आपल्या इथल्या पोरांकडून किती अपेक्षा धरायची? इथे काहून म्हणता मग?

आज संध्याकाळी गोठ्यामागच्या तुराट्या आणल्या. मी कापत होते, लेक मोजून जुड्या बांधत होती. दोन भारे पूर्ण झाले, तिसऱ्याच्या सहा जुड्या झाल्या आणि तिचे डोळे मिटायला लागले. मग दोनच भाऱ्यांवर चार सुटे ठेवून म्हटलं, "दोनशे चार. यातून सदतीस दे." तिने पहिले वहीत केलं, २३३ लिहिलं. मग भाऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, दोनशेचारातून दिले तर दोनशेतेहतीस कसे उरतील?" असं तिने स्वतःच विचारलं. एक भारा सोडला, दहा जुड्या मोजल्या, आणि त्या जुड्यांवर हात ठेवूनच झोपली.

तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "भारा सोडते. जुडी सोडायची राहिली. उद्या ३०० − ४५."

सोमवारी तुराट्यांची पिशवी घेऊन शाळेत जाणार आहे. उरलेले भारे तोवर होतील. पिशवी वर्गासाठी ठेवून येईन. आणि सरांना एकच विचारेन, हे ३६४ कसे आले, ते तुम्ही तिला विचारलं होतं का?