‘पित्ताची गोळी आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

परवा रात्री साडेअकराला मामांचा मेसेज आला. वर तीन लाल खुणा, खाली ‘कृपया सर्वांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: पित्ताच्या गोळ्या म्हणजे हळूहळू भिनणारं विष. त्यांनी किडनी निकामी होते, स्मृती जाते, हाडं ठिसूळ होतात. मुळात छातीत जळजळ होते ती पोटात अ‍ॅसिड कमी पडल्यामुळे. म्हणून गोळी आजच बंद करा, रोज सकाळी व्हिनेगर घ्या आणि त्रास झालाच तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. त्याखाली मामांनी स्वतः लिहिलं होतं, ‘‘अरे, खरं आहे का हे? मी पाच वर्षं घेतोय.’’

मेसेज धडधडीत खोटा असता तर दोन ओळींत उत्तर देऊन झोपलो असतो. पण यात खऱ्याखोट्याची भेसळ आहे, आणि सगळ्यात घातक भाग नेमका तो आहे जो सल्ल्यासारखा दिसतो.

आधी किडनी आणि स्मृती. पित्ताच्या या गोळ्या म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल अशी ‘प्राझोल’ने संपणारी मंडळी. २०१६ साली यांच्याबद्दल दोन अभ्यास गाजले, एक किडनीच्या जुनाट विकाराचा, दुसरा स्मृतिभ्रंशाचा. किडनीच्या अभ्यासातला आकडा असा होता: गोळी घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत विकार होण्याचा धोका ११.८ टक्के, आणि त्यांनीच ती घेतली नसती तर अंदाजे ८.५ टक्के. फरक आहे, पण ‘किडनी निकामी होते’ या वाक्यापासून तो फार लांब आहे. शिवाय या दोन्ही अभ्यासांत कुणाला चिठ्ठ्या टाकून गोळी दिलेली नव्हती. जे आधीपासून घेत होते आणि जे घेत नव्हते, त्यांची तुलना होती. रोज ही गोळी घेणारा माणूस बहुधा वयाने मोठा, वजनाने जड आणि आणखी चार औषधं घेणारा असतो. त्याची किडनी कशाने बिघडली, हे अशा तुलनेतून हमखास सांगता येत नाही.

मग कुणी चिठ्ठ्या टाकून पाहिलं का? पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साडेसतरा हजारांहून जास्त लोकांना सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. किडनी, स्मृती, हाडं, न्यूमोनिया, कशातच ठोस फरक सापडला नाही. वाढला तो आतड्यांचा संसर्ग, १ टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर. जंतूंना अडवणारं अ‍ॅसिडच कमी केल्यावर हे व्हायचंच. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हेही खरं. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम आणि बी१२ कमी होऊ शकतं, काही जणांच्या किडनीला अचानक सूज येते (हे क्वचित, पण घडतं), आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल टाळलेलं बरं. डॉक्टरांना विचारण्यासारख्या गोष्टी या आहेत. मेसेजमध्ये यातली एकही नाही.

‘अ‍ॅसिड कमी पडतं’ हा मुद्दा तर स्वतःच स्वतःला खोडतो. अ‍ॅसिड कमी आहे म्हणून सकाळी आंबट प्यायचं आणि जळजळलं की अ‍ॅसिड मारणारा सोडा घ्यायचा! एकाच निरोपात दोन उलटे उपचार. खरा घोळ बहुतेकांच्या बाबतीत अ‍ॅसिडच्या प्रमाणात नसतोच. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप नको त्या वेळी सैल पडते आणि जठरातलं जठरात राहत नाही. जठराला अ‍ॅसिड सोसणारं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून भाजतं. (आपण याला ‘पित्त’ म्हणतो, पण खरं पित्त यकृतात बनतं. शब्द रुळलाय, राहू दे.) त्या भाजलेल्या नळीवर व्हिनेगर ओतण्यात काय शहाणपण आहे, मला कळलेलं नाही.

सोड्याने घटकाभर बरं वाटतं हे खरं. पण एका चमचाभर सोड्यात बाराशे मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. रक्तदाबवाल्यांनी हिशेब करावा.

आता ‘आजच बंद करा’. इथे मी स्वतः भाजून निघालोय. दोन वर्षं रोज गोळी घेत होतो, कशासाठी ते मलाही आठवत नव्हतं, आणि एका सोमवारी ठरवून थांबलो. तीन दिवस काही नाही. पाचव्या रात्री दोन वाजता उठून बसलो, घशापर्यंत आग. निष्कर्ष काढला की गोळीशिवाय आपलं काही खरं नाही, आणि सकाळी परत सुरू. प्रत्यक्षात घडलं होतं ते वेगळंच. जठराच्या पेशींमध्ये अ‍ॅसिड सोडणारे बारीक पंप असतात, त्यांना ही गोळी खीळ घालते. अ‍ॅसिड का येत नाही म्हणून शरीर गॅस्ट्रिन, म्हणजे अ‍ॅसिड सोडायचा हुकूम देणारं संप्रेरक, वाढवत राहतं. गोळी थांबली की नवे पंप तयार होतात आणि साठलेल्या सगळ्या हुकमांवर एकदम कामाला लागतात. २००९ च्या एका प्रयोगात जळजळीचा त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, तर पुढच्या महिन्यात ४४ टक्क्यांना त्रास झाला. निष्क्रिय गोळीवाल्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे गोळी सोडल्यावरची जळजळ हा काही आठवड्यांचा हिसका असू शकतो. दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवत नेली, अधूनमधून फॅमोटिडिन (अ‍ॅसिड कमी करणारं वेगळ्या प्रकारचं औषध) आणि जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध घेतलं, जे जठरातल्या अन्नावर फेसाचा थर धरतं. जमलं.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे ठोकळे ठेवणं हा उपाय मला सगळ्यात उपयोगी पडला. उशा रचून तेच होत नाही, कमरेत वाकल्याने पोट उलट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपणं, झोपण्याआधी तीन तास न खाणं, पोटाचा घेर कमी करणं, हे सगळं पुराव्याला धरून आहे. वर्ज्य पदार्थांच्या लांबलचक याद्यांवर मात्र माझा विश्वास नाही. ज्याला जे बाधतं ते त्याने सोडावं. आणि गोळी घ्यायचीच असेल तर जेवणाआधी अर्धा तास. पंप जेवताना चालू होतात आणि खीळ चालू पंपालाच बसते. जेवून झोपताना घेणारे ‘काही फरक नाही’ म्हणतात, ते यामुळेच.

गिळताना अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, विनाकारण घटलेलं वजन, यांत मात्र घरगुती प्रयोग नको. आणि काहींनी गोळी मनाने थांबवायचीच नसते: अन्ननलिकेला मोठे व्रण असलेल्यांनी, बॅरेटचा विकार (सततच्या अ‍ॅसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असलेल्यांनी, आणि अल्सरमधून एकदा रक्त गेलेलं असताना अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी.

हे सगळं लिहून झाल्यावर मामांना फोन केला आणि डॉक्टरांची जुनी चिठ्ठी काढायला लावली. वाचता वाचता म्हणाले, ‘‘वर अ‍ॅस्पिरिन आहे, खाली पँटोप्राझोल. ते पोटातून रक्त गेलं होतं ना, तेव्हाचं.’’

‘‘आणि मामा, जळजळ कधी व्हायची तुम्हाला?’’

‘‘मला? मला कुठे जळजळ होते?’’